ठिणगीवाचून चाललेले इंजिन

घाटाच्या चढणीवर धापा टाकीत चाललेली एस. टी., ओढ्याकाठी उसाला पाणी देणारे ऑईल इंजिन आणि मुंबई बंदरातून परदेशी निघालेले मालवाहू जहाज, ही तिन्ही एकमेकांपासून किती दूरची वाटतात! तरीही एक शब्द त्यांना जोडतो. तो शब्द म्हणजे 'डिझेल'. पेट्रोल पंपावर हे नाव आपण नित्य वाचतो आणि रॉकेल किंवा डांबर यांसारखेच ते एखाद्या पदार्थाचे नाव असावे असे समजून पुढे जातो. वस्तुतः हे एका माणसाचे आडनाव आहे. त्याचे पूर्ण नाव रूडॉल्फ डिझेल.

रूडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरात झाला. त्याचे आईबाप मूळचे जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे; पोटासाठी ते फ्रान्समध्ये येऊन राहिले होते. बाप थिओडोर हा कातड्याची पाकिटे, पेट्या व अशाच सुबक जिनसा तयार करून विकत असे. धंदा बेताचा, त्यामुळे घरात ओढाताण कायमची. तयार झालेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांच्या घरी पोचविण्याचे काम लहानग्या रूडॉल्फकडे असे. बापाची शिस्त कडक होती. घरातील घड्याळ आत कसे चालते हे पाहण्यासाठी मुलाने ते एकदा उघडले, पण सुटे झालेले भाग त्याला पुन्हा जुळविता आले नाहीत, आणि त्यापायी त्याला मोठी शिक्षा भोगावी लागली, असे सांगतात.

घरापासून जवळच यंत्रांचे एक जुने संग्रहालय होते. फुरसतीच्या दिवशी रूडॉल्फ तेथे जाऊन बसे. क्यून्यो नावाच्या फ्रेंच लष्करी अभियंत्याने शंभर वर्षांपूर्वी बनविलेली वाफेची अवजड गाडी तेथे ठेवली होती. पुढे भले मोठे तांब्याचे भांडे आणि खाली तीन जाड चाके, असा तिचा थाट! घोड्यावाचून गाडी चालविण्याचा माणसाचा तो पहिल्या प्रयत्नांपैकी एक. त्या गाडीची व इतर यंत्रांची चित्रे काढण्यात मुलाचे तासन्‌तास निघून जात.

१८७० साली फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमधील जर्मन कुटुंबांना शहर सोडणे भाग पडले. चालता धंदा, भरले घर, सारे तेथेच टाकून डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथे हाताला काम मिळेना. तेव्हा निदान मुलाचे शिक्षण तरी खंडू नये म्हणून आईबापांनी बारा वर्षांच्या रूडॉल्फला एकट्यालाच बव्हेरियातील ऑग्सबर्ग या गावी धाडले. युद्धामुळे रेल्वेची वाहतूक विस्कळीत झालेली, ठिकठिकाणी गाड्या अडून पडलेल्या; अशा स्थितीत तो कोवळा मुलगा समुद्र ओलांडून, गाड्या बदलीत, अनेक दिवसांनी ऑग्सबर्गला पोचला. तेथे बार्निकेल नावाचे त्याचे एक आप्त गणित शिकवीत असत. त्यांच्या घरी तो राहिला आणि त्यांच्याच शाळेत शिकला. चौदाव्या वर्षी त्याने अभियंता होण्याचा आपला निश्चय आईबापांना पत्राने कळवून टाकला. घरची गरिबी पाहता मुलाने लवकर मिळवते व्हावे अशी त्यांची इच्छा होती. पण रूडॉल्फने शिष्यवृत्ती मिळविली आणि १८७५ साली म्यूनिकच्या तंत्रविद्यालयात प्रवेश घेतला.

तेथे कार्ल फोन लिंडे हे त्याचे गुरू होते. हवा थंड करण्याची व बर्फ तयार करण्याची यंत्रे काढणारे हे थोर शास्त्रज्ञ. एके दिवशी वर्गात त्यांनी वाफेच्या इंजिनाचा हिशेब मांडला. त्या काळी साऱ्या जगाचे कारखाने वाफेवर चालत. परंतु भट्टीत जाळलेल्या कोळशाची जी उष्णता, तिच्यापैकी जेमतेम शेकडा सहा ते दहा भाग उपयोगी कामात येतो आणि उरलेला सारा धुराड्यातून व वाफेतून वाया जातो, असे त्या हिशेबातून दिसत होते. दहा पाट्या कोळसा आणावा आणि त्यांतील नऊ पाट्या उकिरड्यावर फेकून द्याव्यात, तसाच हा प्रकार! इतर विद्यार्थ्यांनी आकडे उतरवून घेतले. डिझेलने मात्र वहीच्या समासात आपल्यापुरते एक टिपण केले: याहून चांगले इंजिन होऊ शकेल काय, याचा शोध घ्यायचा. पुढची पंधरा वर्षे हे टिपण त्याच्या मनातून हलले नाही.

१८७९ साली ऐन परीक्षेच्या वेळी त्याला विषमज्वर झाला आणि परीक्षा बुडाली. पुढच्या वर्षाच्या आरंभी ती देऊन तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. मग लिंडे यांच्या बर्फाच्या यंत्रांचे काम पाहण्यासाठी तो पुन्हा जन्मगावी, म्हणजे पॅरिसला गेला. तेथे त्याचे लग्न झाले, मुले झाली, पगारही बरा होता. दिवसा तो बर्फाची यंत्रे दुरुस्त करी आणि रात्री आपल्या स्वप्नातील इंजिनाचे हिशेब मांडी. प्रथम त्याने वाफेऐवजी अमोनिया वापरून पाहिला. त्या खटपटीत काही वर्षे गेली. परंतु हाती काही लागले नाही. १८९० साली तो बर्लिनला आला आणि तेथे त्याला योग्य वाट सापडली.

ती वाट समजून घ्यायची तर सायकलमध्ये हवा भरण्याचा पंप हाती घ्यावा. भोक बोटाने घट्ट दाबून दट्ट्या जोराने आत लोटला, तर थोड्याच वेळात पंपाचे टोक गरम लागू लागते. तेथे विस्तव नाही की ऊन नाही. हवा दाबली गेली म्हणून ती तापली. हाच दाब कितीतरी पटींनी वाढविला, पंधरा घागरी हवा एका घागरीत कोंबली, तर ती पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते. अशा तप्त हवेत तेलाचा थेंब पडताच तो आपण होऊन पेट घेतो. मलाया व आसपासच्या बेटांतील लोक फार पूर्वीपासून याच युक्तीने विस्तव पाडीत. बांबूच्या नळीत थोडा कापूस ठेवून वरून दांडा फाडकन दाबायचा, की कापूस पेटलाच!

ओटो या जर्मन गृहस्थाने १८७६ साली तयार केलेल्या इंजिनात हवा व ज्वालाग्राही वायू यांचे मिश्रण आधी एकत्र करून दाबीत व मग ते पेटवीत. आजचे पेट्रोलचे इंजिन त्याच घराण्यातले. त्यात मिश्रण फार दाबता येत नाही. दाबले तर वेळेआधीच भडका उडतो. डिझेलने उलटा विचार केला. सिलिंडरमध्ये केवळ हवाच घ्यावी व ती कमालीची दाबावी. दट्ट्या वरच्या टोकाला पोचला, म्हणजे नेमके त्या क्षणी त्या तप्त हवेत इंधन सोडावे. आत इंधनच नाही, तर वेळेआधी पेटणार काय? आणि हवा इतकी तापलेली असताना ठिणगीची गरज तरी कोठे उरली? फेब्रुवारी १८९२ मध्ये त्याने एकस्वासाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी ते मिळाले आणि त्याच विषयावरील त्याचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइनरिख बुट्स यांनी प्रयोगांसाठी जागा व माणसे दिली. एसेनच्या क्रुप कारखान्याने खर्चाचा वाटा उचलला.

कागदावर सर्व काही सुरेख जमले होते. खरी कसोटी पुढेच होती, आणि ती एका थेंबाची होती.

मुलांनो, ही अडचण नीट ध्यानात घ्या. सिलिंडरमधील हवा आधीच भयंकर दाबाखाली असते. बाहेरचे तेल आत ढकलायचे, तर त्याला त्याहून अधिक जोराने ढकलले पाहिजे. ते धारेने आत पडले, तर बाहेरचा थर जळतो आणि आतले तेल काजळी होऊन बसते. म्हणून ते धुक्यासारखे बारीक होऊन पसरले पाहिजे. शिवाय वेळ गाठली पाहिजे. थोडे आधी शिरले तर दट्ट्या वर येत असतानाच स्फोट होऊन इंजिनाला उलटा दणका बसतो. थोडे उशिरा शिरले तर अर्धवट जळालेले तेल काळा धूर होऊन बाहेर पडते, कधी धुराच्या नळीतच पेट घेऊन बंदुकीसारखा आवाज करते. आणि हे एकदा साधून भागत नाही. मिनिटाला पाऊणशे वेळा, दिवसभर, न चुकता साधले पाहिजे.

१८९३ च्या उन्हाळ्यात पहिले इंजिन उभे राहिले. एकच सिलिंडर, माणसाच्या उंचीहून उंच सांगाडा आणि बाजूला जड फिरते चाक. कारखान्याच्या पट्ट्याने ते बाहेरून फिरवीत. आरंभी आत दाबच टिकेना. दट्ट्याच्या कडांतून आणि झडपांतून हवा निसटत होती. एकेक फट शोधून ती बंद करण्यात आठवडे गेले. अखेर १० ऑगस्ट १८९३ रोजी डिझेलने पहिल्यांदा त्यात इंधन सोडले. ते पेट्रोल होते. तोफ उडावी तसा आवाज झाला. इंजिनावर बसविलेले दाब मोजण्याचे यंत्र फुटले आणि त्याचे तुकडे जवळ उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यांजवळून सणसणत गेले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

दुसरा कोणी असता तर त्याने या स्फोटाला अपयश म्हटले असते. डिझेलने त्यातून प्रथम एकच गोष्ट टिपली: ठिणगीवाचून इंधन पेटले! आपली मूळ कल्पना खरी आहे, बिघाड केवळ रचनेत आहे, हे त्याला उमगले. यानंतर त्याने इंजिनाची जी परीक्षा चालविली, ती एखाद्या निष्णात वैद्याने नाडी पाहावी तशी होती. सिलिंडरमधील दाब प्रत्येक फेऱ्यात कसा चढतो व उतरतो, याची रेघ कागदावर काढणारे एक साधन त्या काळी असे. पेन्सिलीने आपोआप काढलेल्या त्या लहानशा आकृतीत इंजिनाचे सारे दुखणे उमटे. रेघ टोकदार होऊन एकदम वर गेली, तर इंधन लवकर शिरले. टेकडी बसकी व मागे रेंगाळलेली दिसली, तर इंधन उशिरा शिरले किंवा नीट फवारले गेले नाही. मुळापासूनच रेघ खाली राहिली, तर कोठेतरी हवा गळते आहे. जोडीला धुराचा रंग, ठोक्याचा आवाज आणि झडपेवर साचलेली काजळी. एका वेळी एकच भाग बदलायचा, पुन्हा आकृती काढायची आणि आधीच्या आकृतीशी ताडून पाहायची. अशी त्याची पद्धत होती. आज खेड्यातला वाकबगार मिस्त्रीसुद्धा जुन्या गाडीचा काळा धूर पाहून पिचकारी म्हणजे नोझल तपासतो, पांढरा धूर पाहून इंधन न जळताच बाहेर पडते आहे असे ताडतो आणि निळसर धूर दिसला की वंगणाचे तेल जळते आहे असे सांगतो. ठाऊक नसले तरी तो या ऑग्सबर्गच्या विद्येचाच वारस आहे.

चुका डिझेलच्याही झाल्या होत्या. आपल्या इंजिनाला गार पाण्याची जरूर नाही, असे त्याने आपल्या सिद्धांतावरून ठरविले होते. पहिल्या इंजिनाभोवती पाणी खेळविण्याची सोयच नव्हती. अनुभवाने ते खोटे ठरले. पुस्तकात त्याने हवेचा जो प्रचंड दाब कल्पिला होता, तोही लोखंडाला पेलणारा नव्हता. स्वतःच्याच पुस्तकातील आकडे त्याने निमूटपणे खाली आणले आणि सिलिंडरभोवती पाण्याचे आवरण घातले.

१७ फेब्रुवारी १८९४ रोजी नेहमीप्रमाणे कारखान्याचा पट्टा इंजिन फिरवीत होता. एका कारागिराच्या लक्षात आले की पट्ट्याची ताण बदलली आहे. आता पट्टा इंजिनाला ओढीत नसून इंजिनच पट्ट्याला ओढते आहे. इंजिन स्वतःच्या बळावर फिरत होते! हे सारे जेमतेम मिनिटभर टिकले. त्या कारागिराने मुकाट्याने डोक्यावरची टोपी काढली, अशी आठवण डिझेलने पुढे लिहून ठेवली आहे.

त्या एका मिनिटानंतर तीन वर्षे गेली. नुसत्या पंपाने तेल आत दाबून त्याचे धुके होईना. तसे करू शकेल इतका सूक्ष्म व बळकट पंप त्या काळी कोणालाच घडविता येत नव्हता. तेव्हा सिलिंडरमधील दाबाहूनही अधिक दाबलेली हवा वेगळ्या यंत्राने तयार करून, तिच्या झोताबरोबर तेल आत उडवायचे, ही युक्ती डिझेलने स्वीकारली. मधूनच त्याने आडवाटाही धरल्या. इंधनाची आधी वाफ करून पाहिली, विजेची ठिणगीही लावून पाहिली, आणि दोन्ही सोडून दिल्या. पेट्रोल सोडून तो दिव्याच्या रॉकेलकडे वळला. लाउस्टर नावाच्या तरुण अभियंत्याच्या साहाय्याने १८९६ साली नवे इंजिन बांधले गेले आणि १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, म्हणजे त्या पहिल्या मिनिटानंतर बरोबर तीन वर्षांनी, म्यूनिकचे प्राध्यापक श्रोएटर यांनी त्याची रीतसर परीक्षा घेतली. इंजिन सुमारे १८ अश्वशक्तीचे होते. जाळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी शेकडा २६.२ भागाचे त्याने कामात रूपांतर केले. वाफेचे कोणतेच इंजिन त्याच्या जवळपास येत नव्हते. हे इंजिन म्यूनिकच्या जर्मन संग्रहालयात जतन केलेले आहे.

आता डिझेलचे नाव युरोपभर दुमदुमले. इंजिन बांधण्याचे हक्क घेण्यासाठी देशोदेशींचे कारखानदार त्याच्या दारी आले. अमेरिकेत बुश या धनाढ्याने दहा लाख मार्क मोजले. रशियात नोबेल घराण्याने हक्क घेतले. कातड्याची पाकिटे हातगाडीवरून पोचविणारा मुलगा चाळिशीत लक्षाधीश झाला. म्यूनिकमध्ये त्याने वाड्यासारखे घर बांधले.

परंतु प्रयोगशाळेत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालणारे इंजिन वेगळे आणि परक्या गावी, साध्या कामगाराच्या हाती चालणारे वेगळे. १८९८ साली केम्प्टन येथील आगपेट्यांच्या कारखान्यात विक्रीचे पहिले मोठे इंजिन बसले आणि दुखणी सुरू झाली. तेलाचे तुषार करण्यासाठी तोंडाशी तारांची बारीक जाळी बसविली होती, ती तुंबे. झडपा चिकटत, धूर कोंदे. ऑग्सबर्गहून कारागीर धाडावे लागले. इतर ठिकाणचीही इंजिने परत येऊ लागली. डिझेलच्या स्वतःच्या नावाच्या कारखान्याला थोड्याच काळात इंजिने बांधणे थांबवावे लागले. जाळीऐवजी भोके पाडलेल्या चकत्यांचा फवारा बसविला, तेव्हा कोठे हे दुखणे हटले. पण ते काम बव्हंशी ऑग्सबर्गच्या अभियंत्यांनी चिकाटीने केले. डिझेल तेव्हा फारसा तेथे नव्हता. अतिश्रमाने त्याची डोकेदुखी व निद्रानाश वाढला होता आणि काही काळ त्याला आरोग्यगृहात राहावे लागले होते.

शिवाय वादही उठले. अशी कल्पना आपण आधीच मांडली होती, असे सांगणारे पुढे आले. इंग्लंडमधील अॅक्रॉइड स्ट्यूअर्ट याने १८९० सालीच दाबलेल्या हवेत तेल सोडणारे इंजिन काढले होते, ही गोष्ट खरी आहे. परंतु त्यात तेल पेटे ते बाहेरून तापविलेल्या लोखंडी फुग्याच्या उष्णतेने. केवळ हवेच्या दाबाने पेटणारे व इतके काटकसरी इंजिन प्रत्यक्ष चालवून दाखविण्याचे श्रेय डिझेलचेच मानले पाहिजे.

त्याची एक कळकळ फारशी कोणाला ठाऊक नसते. वाफेची इंजिने प्रचंड आणि महागडी असत; ती मोठ्या कारखानदारालाच परवडत. विणकर, सुतार, लोहार अशा लहान कारागिरांना ती गिळून टाकीत होती. आपले इंजिन स्वस्त इंधनावर चालेल, लहान आकारातही बांधता येईल आणि या कारागिरांच्या दारात उभे राहील, अशी त्याची आशा होती. कामगारांनी थोडे थोडे पैसे साठवून स्वतःच कारखान्यांचे मालक व्हावे, असे सांगणारे पुस्तकही त्याने १९०३ साली लिहिले. ते फारसे कोणी विकत घेतले नाही. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. जेथे खनिज तेल नाही अशा शेतीप्रधान मुलखांनी आपल्या रानात पिकणाऱ्या तेलावर यंत्रे चालवावीत, हा विचार डिझेलने पुढेही आवर्जून मांडला. आज वनस्पतींच्या तेलापासून वाहनांचे इंधन तयार करतात, तेव्हा त्या प्रदर्शनाची आठवण निघते.

दरम्यान त्याचे इंजिन पाण्यावर उतरले होते. १९०३ साली व्होल्गा नदीवर 'वँडल' हे तेलवाहू जहाज डिझेल इंजिनांवर चालू लागले. १९१२ साली डेन्मार्कचे 'सेलँडिया' हे मोठे जहाज कोपनहेगनहून थेट बँकॉकपर्यंत जाऊन परत आले. कोळशाचे ढीग नाहीत, भट्टीपुढे घामाघूम झालेले खलाशी नाहीत. बंदराबंदरांवर लोक ते पाहायला जमत. जमिनीवर मात्र डिझेलला यश आले नाही. मोटारीत बसेल असे लहान इंजिन करण्याचा त्याने १९०८ च्या सुमारास प्रयत्न केला; परंतु तेल उडविणाऱ्या हवेसाठी जे वेगळे यंत्र जोडावे लागे, तेच इतके अवजड असे की गाडीत ते मावणार कोठे?

इंजिनाच्या दुखण्याचे अचूक निदान करणाऱ्या या माणसाला पैशाचा व्यवहार मात्र कधी साधला नाही. जमिनींच्या आणि तेलाच्या खाणींच्या सौद्यांत त्याचे पैसे बुडाले, खटल्यांत खर्च झाले. वरून वैभव तसेच दिसे, आतून तिजोरी रिकामी होत होती. घरच्यांनाही त्याने याचा सुगावा लागू दिला नाही.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी संध्याकाळी तो बेल्जियममधील अँटवर्प बंदरातून 'ड्रेस्डेन' नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. तेथे त्याच्या इंजिनांच्या एका नव्या कारखान्याचे काम होते. सोबत दोन स्नेही होते. रात्री तिघे एकत्र जेवले, डेकवर थोडे फिरले आणि दहाच्या सुमारास आपापल्या खोलीत गेले. सकाळी सव्वासहाला उठवावे असे डिझेलने सांगून ठेवले होते. सकाळी त्याची खोली रिकामी होती. बिछान्यावर कोणी निजल्याची खूण नव्हती. डेकच्या कठड्यापाशी त्याची टोपी व नीट घडी केलेला कोट मिळाला. काही दिवसांनी एका डच नौकेला समुद्रात एक मृतदेह दिसला. त्याच्या खिशातील वस्तू डिझेलच्या धाकट्या मुलाने, ऑयगेनने ओळखल्या. निघण्यापूर्वी पत्नीच्या हवाली केलेली एक पिशवी घरी उघडली, तेव्हा तिच्यात वीस हजार मार्क आणि कर्जाचे हिशेब होते. त्या रात्री बोटीवर काय घडले, याविषयी अनेक तर्क झाले. कर्जाच्या भाराने तो खचला असावा, असेच बहुतेकांनी मानले. त्या वेळी तो पंचावन्न वर्षांचा होता.

त्याचे अडलेले काम दुसऱ्यांनी पुरे केले. स्टुटगार्टच्या रोबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२२ पासून इंधन दाबण्याच्या एका पंपावर काम सुरू झाले. हवेच्या झोताची मदत न घेता, नुसत्या तेलालाच प्रचंड दाबाने बारीक छिद्रांतून ढकलून धुके करणारा हा पंप १९२७ साली विक्रीस तयार झाला. त्याची दांडी व तिच्या भोवतीची नळी यांतील फट केसाच्या जाडीहूनही कितीतरी पटींनी कमी असते. ऑग्सबर्गमध्ये डिझेलला हवा होता तो हाच पंप. परंतु इतके सूक्ष्म लोखंडकाम करण्याची विद्या तोपर्यंत जन्माला यायची होती. अवजड हवायंत्र गेले आणि डिझेल इंजिन मालमोटारीत, ट्रॅक्टरमध्ये व आगगाडीच्या इंजिनात जाऊन बसले. १९३६ साली ते मर्सिडीझ-बेंझच्या प्रवासी मोटारीतही आले. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली किर्लोस्करांचा ऑईल इंजिनांचा कारखाना निघाला आणि मोटेवर बैल जुंपणाऱ्या आपल्या शेतकऱ्याच्या विहिरीवर ते इंजिन धडधडू लागले. लहान माणसाच्या दारी यंत्र नेण्याची डिझेलची आशा अशी फार दूरच्या मुलखात थोडीबहुत फळास आली.

जपानमध्येही मागोकिची यामाओका नावाच्या एका गृहस्थाने शेतकऱ्यांसाठी लहान डिझेल इंजिने बांधण्याचा उद्योग उभारला होता. डिझेलविषयी त्याच्या मनात अपार कृतज्ञता होती. तो ऑग्सबर्गला गेला, तेव्हा तेथे डिझेलचे साजेसे स्मारक नाही हे पाहून त्याला वाईट वाटले. त्याने स्वतःच्या खर्चाने एक स्मृतिवन ऑग्सबर्ग शहराला अर्पण केले. १९५७ साली ते तेथील विटेल्सबाख उद्यानात तयार झाले. त्यात पुतळा नाही. झाडांच्या सावलीत जपानहून आणलेले मोठमोठे दगड मांडलेले आहेत.